अक्काच्या भाकरीबद्दल राहून गेलेली दुरुस्ती

अक्का, तुझ्या निधनाची बातमी मी केली नाही. अशा चार ओळी रोज माझ्या हाताखालून जातात. वय, गाव, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार कुठे झाले. तुझ्या चार ओळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने लावल्या आणि त्या बरोबर होत्या. त्यात मला काही घालायचं नव्हतं. तुझ्याबद्दल आमच्या पेपरात जे चुकीचं छापलं गेलं ते पावणेदोन वर्षांपूर्वीचं आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. आज बसलो आहे तो त्यासाठी.

क्रमाने सांगतो. तुला आडवंतिडवं सांगितलेलं कधी आवडलं नाही.

विलास, तुझा मुलगा, भोसरीतल्या एका कारखान्यात लागला. लोखंड वितळवायच्या विजेच्या भट्ट्या तिथे बनतात. जाळ नाही, कोळसा नाही, वीज वेटोळ्यातून फिरते आणि आतलं लोखंड आपोआप तापतं. त्याच पद्धतीने घरातल्या स्वयंपाकाची शेगडी करता येईल का, म्हणून कारखान्याने थोडे नमुने तयार केले आणि रोज वापरून बघायला कामगारांच्या घरी दिले. विलासने आपला नमुना पुण्याच्या खोलीवर ठेवला नाही. गोणपाटात गुंडाळून, मांडीवर धरून एसटीने सणसरला आणला. बारामतीच्या डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो बघून त्याला सांगितलं होतं की चुलीचा धूर थांबला नाही तर औषधाचा उपयोग नाही. गॅसला नंबर लावलेला होता, तो येत नव्हता. स्टोव्हच्या रॉकेलनेही तुला धाप लागायची. तेव्हा ही शेगडी, म्हणजे वर काळी काच, आत पंखा आणि बाजूला एक जाडजूड स्टॅबिलायझर, तुझ्या घरात हौस म्हणून आलेली नव्हती. हे माझ्या बातमीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

कारखान्याची एकच अट होती. काय शिजलं, काय नाही, ते रोज लिहून ठेवायचं. तू चौथी शिकलेली. लिहिण्यापेक्षा खुणा बऱ्या म्हणालीस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात गोल काढलास तर भाकरी फुगली, आडवी रेघ मारलीस तर सपाट राहिली. भात-आमटीची खूण तू केलीच नाहीस. त्याची तुला काळजी नव्हती.

विलासने एक लोहचुंबक दिलं होतं. चिकटेल ते भांडं चालेल, चिकटणार नाही ते चालणार नाही. तू घरातली सगळी भांडी अंगणात मांडलीस. पितळेचं पातेलं गेलं, तांब्याचा हंडा गेला, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, सगळी पातेली गेली. लोखंडी कढई राहिली. स्टीलची काही चिकटली, काही नाही. मग तू ते चुंबक पदराला बांधून इंदापूरच्या बाजारात गेलीस आणि दुकानातलं एकेक भांडं तपासू लागलीस. दुकानदार म्हणाला, बाई, सोनं तपासताय काय. तू म्हणालीस, सोनं काय करायचंय, आमटी शिजली पाहिजे. हे तूच मला हसत सांगितलंस, आणि सांगता सांगता तुला खोकला आला आणि पुढचं राहिलं.

विजेचं गणितही तू आठवड्यात बसवलंस. शेतीची थ्री फेज वीज आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी उसाला पाणी द्यायला सुरू व्हायच्या, व्होल्टेज पडायचं आणि शेगडी टूं टूं करून बंद व्हायची. मोटारी थांबल्या की ती बिनतक्रार चालायची. तू घड्याळ बघायचं सोडलंस. कॅनॉलकडचा मोटारींचा आवाज थांबला की पीठ मळायला घ्यायचीस.

त्याच पहिल्या आठवड्यात मी आलो. साखर कारखान्याच्या सभेची बातमी घ्यायला आलो होतो, जेवायला तुझ्याकडे वळलो. दाजी दारात बसलेले. मला बघून म्हणाले, "ये बापू, ये. तुझ्या अक्कानं काचंवर संसार मांडलाय." तू ज्वारीची भाकरी थापलीस आणि तव्यावर टाकलीस. तवा जुना, तुझ्या लग्नातला, मधे खोलगट. सपाट काचेवर तो डुगडुगत होता. भाकरीच्या मधोमध एक करपलेलं कडं उठलं आणि कडेला पीठ कच्चं राहिलं. उलटली, पुन्हा उलटली, फडक्याने दाबली. ती फुगली नाही. दाजी म्हणाले, "पापड हाय का भाकर?" मी हसलो. तू हसली नाहीस. कॅलेंडरवर रेघ मारलीस.

बारामतीच्या स्टँडवर बसून मी दहा ओळी लिहिल्या, पाकिटात घातल्या आणि पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिल्या. तिसऱ्या दिवशी चौकटीत आलं: 'जाळाविना चूल, भाकरी मात्र सपाटच'. मजकुरात एक वाक्य होतं, 'या शेगडीवर भाकरी फुगत नाही.' तुझं नाव नव्हतं. सणसर होतं. तेवढं पुरलं.

त्या वाक्याचं पुढे काय झालं हे मला विलासने सांगितलं, आणि तेही फार उशिरा. दाजींनी कात्रण काढून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. भात-आमटी शेगडीवर होऊ दे, म्हणाले, पण भाकरी चुलीवरच. पेपरातच छापून आलंय. आमच्याकडे दोन्ही वेळा भाकरी असते. म्हणजे ज्या धुरातून तुला बाहेर काढायचं होतं त्यातच तू दोन्ही वेळा परत बसलीस. पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण गेलं. त्या वर्षाने तुझ्या छातीचं काय केलं हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं लिहीत आहे. स्वतःच्या सोयीने ते कमी करत नाही आणि वाढवतही नाही.

चुलीवर सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या की तू शेवटची एक भाकरी शेगडीवर टाकायचीस, स्वतःसाठी. ती रोज सपाट व्हायची. तीच खायचीस आणि रेघ मारायचीस. हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की गावातल्या एसटीडी बूथवरून तुझा फोन येतो आणि तू एकच गोष्ट सांगतेस.

"बापू, तू एक दिवस बघितलंस अन् कायमचं लिहिलंस."

मी म्हणायचो की बातमी अशीच असते. तू म्हणायचीस, मग बातमी परत बघायला ये. मी म्हणायचो, येतो रविवारी. पहिल्या रविवारी निवडणुकीची सभा होती, दुसऱ्या रविवारी कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून मोर्चा. त्यानंतरच्या रविवारांना काय होतं ते मला आठवत नाही. आठवत नाही याचा अर्थ काही नव्हतं.

एकदा मी तुला फोनवरच विचारलं, अक्का, सोड ना. भात खा, चपाती खा, ती होते त्याच्यावर. भाकरीचा एवढा हट्ट कशाला. बूथवाल्याचं यंत्र टिकटिकत होतं. मग म्हणालीस, "आईनं रोज नवी तीन दगडं मांडली. मला एक नवी चूल जड न्हाय."

मी ते वाक्य तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता सोडता येत नाही. आपली मेंढरं मोरगावच्या माळावरून खाली निघायची तेव्हा मी घोड्यावर बांधलेल्या बोचक्यांत बसायचो आणि तू चालायचीस. आज या रानात, उद्या त्या रानात. प्रत्येक मुक्कामाला आई तीन दगड शोधायची, वाऱ्याकडे पाठ करून बसायची आणि पहिली भाकरी टाकायची. कुठल्याही दगडांवर, कसल्याही सरपणावर तिची भाकरी फुगायची. तुझ्या हाताला तिने तेच वळण लावलं. मी शाळेसाठी काकांकडे राहिलो आणि तयार भाकरी खात वाढलो. चूल बदलली की भाकरी बदलते, हे मला कसं कळणार होतं? मी बघितलेली भाकरी नेहमी ताटातली होती.

तव्याचं तुला मागच्या वर्षी उसाच्या हंगामात सुचलं. तोड चालू होती, ट्रॉल्यांची कामं निघाली होती. दाजी ट्रॉलीचा हूक जोडायला रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात निघाले तर तू ट्रॅक्टरवर त्यांच्या मागे जाऊन बसलीस. फडक्यात एक भाकरी बांधून घेतलीस. दाजींना वाटलं, न्याहारी. दुकानात जाडजूड पत्र्याचा एक तुकडा पडला होता, ट्रॉलीच्या तळातला. तू पदराचं चुंबक त्याला लावलंस, ते घट्ट बसलं. मग फडकं सोडून भाकरी त्या पत्र्यावर ठेवलीस, मिस्त्रीचा खडू घेतलास, भाकरीच्या कडेने गोल काढलास आणि म्हणालीस, एवढा काप.

मिस्त्री म्हणाला, "ताई, या कटरनं मी ट्रॉल्या कापतो."

"मग हे काय अवघड न्हाय तुला," तू म्हणालीस.

त्याने कापला, कडा घासून दिल्या आणि मापाला आणलेली भाकरी ठेवून घेतली. ती त्याने कांद्याबरोबर तिथेच खाल्ली, असं दाजी सांगतात. हे सगळं मी दाजींकडून या आठवड्यात ऐकलं. त्यातलं वाक्य न् वाक्य मी त्या मिस्त्रीकडे जाऊन पडताळून घेतलं आहे. उशीर झाला, पण घेतलं आहे.

विलास धास्तावला होता, वजनाने काच फुटेल म्हणून. तू त्याला सांगितलंस, फुटली तर तुझ्या कंपनीला कळंल बायका काय काय ठेवतात ते. काच फुटली नाही. तो जाड पत्रा तापायला वेळ घ्यायचा, पीठ मळून होईतो वेळ. मग पाण्याचे थेंब शिंपडायचे. ते चुर्र करून विरले तर अजून थांबायचं. मण्यांसारखे पळू लागले तर भाकरी टाकायची. पातळ तवा फक्त मधे तापत होता. हा जाड तवा कडेपर्यंत तापून राहायचा आणि भाकरीला सगळीकडून सारखी आच द्यायचा. पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, दुसरी बाजू भाजून झाली की परत पहिल्या बाजूवर टाकायची आणि घडी घातलेल्या फडक्याने कडा दाबत फिरवायची. दाबशील तिकडून वाफ दुसरीकडे जाते, म्हणायचीस. पोरासारखी पळती.

तिसऱ्या दिवशी भाकरी फुगली. कॅलेंडरवर गोल आहे. त्या दिवसापासून तुझ्या घरात चूल पेटली नाही. दाजींनी काही बोलून कबुली दिली नाही. ते गपचूप चार भाकऱ्या खाऊन उठले, एवढंच.

आणि मग तू जळोचीला माझ्या घरी आलीस.

हा परिच्छेद मी टाळणार होतो. त्याची बातमी दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला टाळू दिलं नसतं. तू दुपारच्या एसटीने आलीस, धापा टाकत जिना चढलीस आणि पिशवीतून फडकं काढून माझ्या टेबलावर सोडलंस. तीन भाकऱ्या. प्रवासात निवून त्या बसल्या होत्या, सगळ्याच भाकऱ्या बसतात तशा. तू एकीची कड नखाने उचललीस आणि वरचा पातळ पापुद्रा अलगद सुटा करून दाखवलास. "बघ. पापुद्रा सुटलाय. आता दुरुस्ती छाप." नंतर सांगितलंस की तुझ्या जावेला, सिंधूला, तोच खोकला लागलाय. विलास तिच्यासाठी दुसरा नमुना आणायला तयार आहे, पण तिचा नवरा तात्या तुमच्या देवळीतलं कात्रण दाखवतो आणि नको म्हणतो. पेपरात खोटं हाय म्हणून सांगितलं तर त्याला पटत न्हाय, पेपरातच दुसरं यायला पायजे.

मी तुला सांगितलं की दुरुस्ती नावाची होते, गावाची होते, कोर्टाच्या निकालाची होते. भाकरीची होत नाही. संपादक हसतील. तू म्हणालीस, हसू देत की, हसून छापतील. मग मी ते बोललो. "अक्का, ही चुलीवरची नाही कशावरून?"

मी हे गमतीने म्हणालो होतो असं आजवर स्वतःला सांगत आलो. गमतीने म्हणालो नव्हतो. मला तो विषय संपवायचा होता. तू माझ्याकडे बघितलंस, भाकऱ्या परत फडक्यात बांधल्यास, चहा घेतलास, मुलांची चौकशी केलीस आणि साडेचारच्या गाडीने गेलीस. लहानपणापासून मी तुझ्याशी शंभर वेळा भांडलो असेन. तुला खोटं ठरवलं ते तेव्हा एकदाच.

त्यानंतरही तुझे फोन आले, पण दुरुस्तीचं तू काढलं नाहीस. ये म्हणायचीस, एवढंच. शेवटी बारामतीच्या दवाखान्यात, नाकाला नळी असताना, मी खाटेशेजारी बसलो होतो तेव्हा तू तेच विचारलंस. "बघितलंस का?" मी म्हणालो, बघायला येतो. तू मान हलवलीस. त्याचा अर्थ ये असा होता की कळलं असा, हे मी ठरवू शकत नाही, म्हणून लिहीत नाही. क्षमा मागायला तेवढा वेळ पुरला असता. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी तुझं सावडणं होतं. घरात सुतक, चूल पेटत नाही. भाऊबंदांकडून भाकऱ्या येत होत्या. सकाळी निघण्याआधी घास बांधायचा होता आणि सिंधूने तिच्या घरून भाकरी करून आणली होती. दाजी म्हणाले, ही नको. ते आत गेले, खाली बसले, परातीत पीठ घेतलं आणि शेगडीचं बटण दाबलं. पंख्याचा आवाज आला तसा तात्या दारात उभा राहिला. दाजींना तो आबा म्हणतो.

"आबा, सुतकात चूल पेटवलीस व्हय?"

दाजी पीठ मळत राहिले. म्हणाले, "पेटलंय काय? हितं जाळ कुठं हाय तो दाव."

तात्याने काचेकडे बघितलं. जाळ नव्हता. धूर नव्हता. मागे माणसं जमली होती. दाजींनी तव्यावर थेंब शिंपडले आणि ते पळाले. त्यांनी भाकरी थापली. कडा नीट नव्हत्या, पण हात सरावाचा होता. शेवटचे चार महिने तुला बसवत नव्हतं. तू खाटेवरून सांगायचीस आणि ते करायचे, दाराला कडी लावून, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कॅलेंडर बघितलं आणि कळलं. शेवटच्या चार पानांवरचे गोल तुझे नव्हते. पेन दाबून काढलेले, कागद फाटेल इतके दाबून, तिथे जाड हात होता.

भाकरी तव्यावर पडली, पाणी सुकलं, उलटली, पुन्हा उलटली. दाजींनी फडक्याची घडी घेतली आणि कड दाबली. एका बाजूने फुगवटा उठला. त्यांनी तो दाबला, तो पलीकडे गेला, आणि मग सगळी भाकरी एकदम वर आली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. उजेड चांगला होता. तवा जाड पत्र्याचा, ज्वारीचं पीठ, शेगडी तीच. मी हे स्वतः बघितलं.

तात्याने वाकून ती भाकरी बघितली. मग म्हणाला, "पेपरात तर न्हाय म्हणून छापलंय." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सिंधूनेही. ती पदर तोंडाशी धरून खोकत होती.

"ते चुकलंय तात्या," मी म्हणालो. "मी चुकीचं लिहिलं. अक्का खरं सांगत होती."

दाजींनी देवळीतलं कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुझंच हाय. घेऊन जा." मग भाकरी फडक्यात बांधली आणि आम्ही निघालो. कावळा लगेच शिवला की उशिरा, हे मी लिहिणार नाही. तो माझ्या बातमीचा विषय नाही.

विलास येत्या आठवड्यात दुसरा नमुना आणतो आहे. तात्याने हो म्हटलेलं नाही. पेपरात येऊ दे, म्हणाला. त्याचं बरोबर आहे. जिथे खोटं छापलं तिथेच खरं छापलं पाहिजे. तू हेच म्हणत होतीस. मी संपादकांना भेटलो. ते हसले, तू म्हणाली होतीस तसे. मग मी त्यांना सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. ते हसायचे थांबले आणि म्हणाले, त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच चौकटीत लावा.

अक्का, मजकूर मी लिहिला आहे. दोनदा तपासला आहे. तुला वाचून दाखवतो.

'दुरुस्ती: सणसर येथील विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, असे वृत्त या दैनिकात प्रसिद्ध झाले होते. ते चुकीचे होते. वार्ताहराने एकच दिवस पाहणी केली होती आणि नंतर वारंवार बोलावूनही तो गेला नव्हता. तवा सपाट आणि जाड लोखंडाचा असल्यास त्या शेगडीवर ज्वारीची भाकरी फुगते. असा तवा सणसरच्या एका गृहिणीने स्वतःच्या भाकरीच्या मापाने कापून घेतला होता. त्या आता हयात नाहीत. त्यांचे म्हणणे खरे होते.'